श्वास कशानं वाढला, डॉक्टरभाऊ?

डॉक्टरभाऊ,

तुमचं शेवटचं सगळं तुमच्या गावीच, औंढ्याकडच्या शेतात झालं. माणसं इतकी होती की मला पुढं येता आलं नाही. बांधावर बायकांमध्ये उभी राहिले. माझ्या शेजारी कोणी म्हणालं, गरिबाचा डॉक्टर गेला. कोणी म्हणालं, देवमाणूस गेला. ते ऐकून मला आधी हसू आलं आणि मग रडू. देवमाणूस एवढा भांडखोर असतो का?

तुम्ही कुठं शिकलात, दवाखाना कधी टाकलात, हे लिहिणारे पुष्कळ आहेत. मला ते लिहायचं नाही. इतकी वर्षं आठवड्यातून एकदा तरी मी तुमच्याशी भांडत आले. आता भांडायला समोर कोणी नाही, म्हणून कागदावर बोलते आहे.

आपली ओळखच भांडणातून झाली. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला एक तालुका होती. मी नुकतीच कॉलेजात मानसशास्त्र शिकवायला लागले होते. परीक्षेआधी मुलांशी चार शब्द बोलावेत म्हणून प्राचार्यांनी तुम्हाला बोलावलं. तुम्ही फळ्यावर दोन मूत्रपिंडं काढली, त्यांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन ग्रंथी काढल्या आणि म्हणालात, "टेन्शन टेन्शन म्हणता ते हे बघा. इथून रस सुटतो. छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, हातापायाकडं रक्त धावतं. जीव वाचवायची ही शरीराची तयारी आहे. याला घाबरायचं काम न्हाई."

मुलं खूश झाली. आभार मानायचं काम माझ्याकडं होतं. मी उठले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेबांनी छान सांगितलं. पण एकाच वर्गात, एकच पेपर हातात पडल्यावर एकाची छाती धडधडते आणि दुसरा निवांत पेनाचं टोपण काढतो. ग्रंथी तर दोघांनाही आहेत. मग फरक पडतो कुठं? त्या पेपरचा अर्थ कोण काय लावतो, आणि हे आपल्याला झेपेल असं कोणाला वाटतं, तिथं फरक पडतो."

प्राचार्यांनी माझ्याकडं असं बघितलं की माझी नोकरी आजच जाते की काय असं मला वाटलं. तुम्ही मात्र खुर्चीत पुढं सरकून बसलात. "बराबर आहे मॅडम. पण अर्थ लावायला डोकं लागतं, आन् डोकं शरीरातच असतं."

मुलं हसली. मीही हसले. चहाच्या वेळी तुम्ही म्हणालात, "दवाखान्यात येत जा कधी. अर्धे पेशंट तुमचेच हायेत, माझ्याकडं चुकून येतात." एवढं मोठं मन असलेला डॉक्टर मी तोवर बघितला नव्हता.

कुरुंद्याच्या पुढच्या त्या गावाची गोष्ट तुमच्याशिवाय कोणापुढं सांगायची? वहिनींना ती पाठ आहे. पण तुम्ही ती सांगताना नेहमी माझा भाग वाढवून सांगायचात आणि स्वतःचा गाळायचात. आज मी नीट सांगते.

त्या गावच्या शाळेतले हेडमास्तर एका सकाळी माझ्या घरी आले. चेहरा उतरलेला होता. दहावीच्या वर्गातली राधा नावाची मुलगी प्रार्थनेत खाली पडली होती. हाताची बोटं आत वळलेली, दातखीळ बसलेली. दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारची पडली, मग आणखी तिघी. आता रोज कोणी ना कोणी पडत होतं. गावात एकच शब्द फिरत होता, भानामती. आणि ती केली कोणी? तर गावाच्या कडेला एकटी राहणाऱ्या, शेळ्या राखणाऱ्या गयाबाईनं. तिचं कुंपण लोकांनी आधीच जाळलं होतं. "मॅडम, म्हातारीचे दात पाडायचं ठरून राहिलं," हेडमास्तर म्हणाले. "दात पडले की मंतर म्हणता येत न्हाई म्हणतात. तुमी मन शिकवता. काही करा."

मी तशीच तुमच्याकडं आले. बाहेर पेशंटची रांग होती. तुम्ही ऐकलंत, गळ्यातला स्टेथोस्कोप खिशात कोंबलात आणि रांगेला म्हणालात, "ज्याला थांबता येतं त्यानं संध्याकाळी यावं." आपण जीप केली.

वाटेत मी तुम्हाला वाचलेलं सांगत होते, की जनावरांना ताण फार काळ राहत नाही, संकट टळलं की ती विसरून चरायला लागतात, माणूस मात्र मनात तेच घोळत बसतो. तुम्ही खिडकीतून हळदीचे वाफे बघत होतात. म्हणालात, "आमच्या कळपात लांडगा शिरला होता एकदा. मी लहान होतो. एकच मेंढी नेली त्यानं. पण त्यानंतर कितीतरी दिवस कळप बसला न्हाई, उभ्यानंच झोपायचा. दूध आटलं. दोन गाभण मेंढ्यांनी गर्भ टाकला. विसरतात म्हणणाऱ्यानं मेंढरं राखली नसतील, ताई." त्या दिवशी तुम्ही मला पहिल्यांदा ताई म्हणालात. त्यापुढं मी वर्गात तो परिच्छेद शिकवताना दर वर्षी तुमचा कळप सांगत आले.

शाळेच्या ओट्यावर गाव जमलेलं होतं. एका खोलीत सतरंजीवर चार मुली आडव्या पडलेल्या होत्या. तुम्ही एकेकीची नाडी बघितलीत, डोळे बघितलेत, रक्तदाब घेतलात, पोट दाबून बघितलंत. गावचे पाटील दारात उभे होते. त्यांचा धीर सुटला. "डॉक्टर, लेकरं मरून राहिली आन् तुमी हातपायच बघून राहिले."

"मरत न्हाईत," तुम्ही म्हणालात. "लई जोरात श्वास घेतात, एवढंच."

"श्वासानं कुठं बोटं वळतात काय?"

 तुम्ही बाहेर आलात, ओट्यावर मांडी घालून बसलात आणि जोरजोरात श्वास घ्यायला लागलात. मला काही कळेना. लोक पुढं सरकले. तुमचा चेहरा पांढरा पडला, ओठ थरथरायला लागले. तुम्ही दोन्ही हात सगळ्यांना दिसतील असे पुढं धरलेत आणि आमच्या डोळ्यांदेखत तुमची बोटं आत वळायला लागली. अगदी राधाच्या बोटांसारखी. एक बाई मागं सरली. मी घाबरले, पुढं यायला लागले, तर तुम्ही मानेनंच नको म्हणालात. मग श्वास सावकाश केलात. एक, पुन्हा एक, लांब, सावकाश. बोटं हळूहळू सुटली.

घाम पुसत तुम्ही पाटलांना विचारलंत, "माझ्यावर कोणी केली भानामती? गयाबाईनं? ती तर मला वळखत बी न्हाई."

 मग तुम्ही साध्या भाषेत सांगितलंत, की माणूस फार जोरात श्वास घेतो तेव्हा आतला कार्बन डायऑक्साइड जास्तच बाहेर पडतो, त्यानं मुंग्या येतात, बोटं वळतात, भोवळ येते. एकीला बघून दुसरी घाबरते, घाबरली की तिचाही श्वास वाढतो, तीही पडते. "ज्याला खोटं वाटतं त्यानं इथं माझ्यापुढं बसून करून बघा." दोन तरणी पोरं बसली. दोघांच्याही हातांना मुंग्या आल्या तेव्हा ती उठून आपली बोटं आईला दाखवायला गेली. गर्दीतला ताठपणा तिथंच गेला. लोक आपसात बोलायला लागले. कोणीतरी हळूच म्हणालं, म्हातारीचं कुंपण काहून जाळलं मग?

तुम्ही जिंकला होतात. पण मी तुम्हाला बाजूला घेतलं आणि विचारलं, "बोटं श्वासानं वळली, हे कळलं. पण राधाचा श्वास कशानं वाढला, डॉक्टरभाऊ?"

तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि म्हणालात, "ते तुमचं काम. जा."

मी राधाजवळ बसले. बाकीच्यांना बाहेर काढलं.  मी तिला तिच्या अभ्यासाचं विचारलं, बहिणींचं विचारलं. बऱ्याच वेळानं तिनं सांगितलं, की परीक्षा झाली की तिचं लग्न होतं. मुलगा तिनं बघितलेला नव्हता. तिला पुढं शिकायचं होतं आणि हे घरात कोणापुढं बोलायची सोय नव्हती. "मॅडम, प्रार्थना सुरू झाली की मला वाटायचं, अजून इतकेच दिस हायेत. मग छातीत भरून यायचं." एवढं बोलून ती रडली. तिच्याबरोबर मीही.

मग तुम्ही तिच्या बापाशी बोललात. मी बोलले असते तर तो उठून गेला असता, हे आपल्या दोघांनाही माहीत होतं. तुम्ही त्याला ना शास्त्र सांगितलंत, ना कायदा. म्हणालात, "पोरगी तोंडानं बोलू शकली न्हाई, म्हणून तिचं अंग बोललं. दोन वर्षं थांबा. नवरदेव कुठं पळून जात न्हाई." तो थांबला. राधा पुढं शिकली. गयाबाईचं कुंपण गावानं पुन्हा बांधून दिलं. मात्र माफी कोणी मागितली नाही, आणि तुम्हाला त्याचा राग बरेच दिवस होता.

परतताना जीपमध्ये आपण पुन्हा भांडलो. तुम्ही म्हणालात, श्वास सावकाश केला तेव्हा गाव शांत झालं, म्हणजे इलाज शरीराचा. मी म्हणाले, लग्न थांबलं म्हणून राधा आता पुन्हा पडणार नाही, म्हणजे इलाज अर्थाचा. ड्रायव्हर बिचारा आरशातून आपल्याकडं बघत होता. नवराबायको समजला असावा.

आता जे सांगते ते मी कोणाला फारसं सांगितलेलं नाही.

हिंगोली जिल्हा झाली त्या सुमाराला आमचं भाड्याचं घर मालकाला हवं झालं आणि आम्ही दुसरं शोधायला लागलो. दोघंही नोकरीवाले, एक लहान मुलगी, भाडं वेळेवर देणारे. घर पसंत पडायचं, चहा व्हायचा, बोलणं व्हायचं. मग कोणीतरी गोड आवाजात विचारायचं, "आडनाव काय म्हणालात?" दुसऱ्या दिवशी निरोप यायचा, की आमचे पाहुणे राहायला येणार आहेत. कधी, की आम्हाला शाकाहारी पाहिजेत. एका घरी तर त्यांनी विचारायच्या आधी मीच आडनाव सांगून टाकलं. बाई म्हणाल्या, "तसं आमचं काही न्हाई, पण सासूबाई जुन्या हायेत." सासूबाई ओसरीवर बसून माझ्या मुलीला खडीसाखर देत होत्या. त्यांना काहीच माहीत नव्हतं.

मी हसून सोडून द्यायचे. मला वाटायचं, मी सोडून दिलं. एके दिवशी वर्गात हजेरी घेताना माझी छाती अशी उसळली की मी खडू टाकून टेबल धरलं. दम लागला, हात गार पडले. मला खात्री झाली, की आपण मरतो आहोत. मुलांना भीतीच्या या झटक्याची लक्षणं मी स्वतः शिकवलेली होती, भाऊ. पण त्या क्षणी त्यातलं एकही माझ्या उपयोगी पडलं नाही.

तुम्ही माझा ईसीजी काढलात. कागदाची पट्टी माझ्यापुढं धरलीत. "बघा. हे हृदय तुमच्यापेक्षा शहाणं आहे. काही झालं न्हाई त्याला." मग माझा चेहरा बघून लगेच म्हणालात, "रिपोर्ट चांगला आहे म्हणजे तकलीफ खोटी आहे असं न्हाई. तकलीफ खरी आहे. माझा या रिपोर्टवर जितका विश्वास आहे तितकाच तुमच्या सांगण्यावर आहे."

हे वाक्य मला किती पुरलं हे तुम्हाला सांगायचं राहिलं. तोवर मला भीती होती ती दोनच गोष्टींची. एक, की तुम्ही म्हणाल हृदय बिघडलंय. दुसरी, की तुम्ही म्हणाल हे सगळं मनाचे खेळ आहेत. तुम्ही दोन्ही म्हणाला नाहीत.

मग तुम्ही ग्रंथींवर आलात, सवयीनं. लांडगा गेला तरी राखणदार कुत्रं भुंकतच राहतं तसं या ग्रंथींचं झालंय म्हणालात. काही दिवस एक गोळी घ्या, सकाळी चाला, श्वास असा सोडा. मी सगळं ऐकलं आणि मग मला राग आला. म्हणाले, "भाऊ, ग्रंथीनं माझं आडनाव विचारलं नव्हतं."

तुम्ही लिहिता लिहिता थांबलात. मी सगळं सांगितलं. पाहुणे, शाकाहार, जुन्या सासूबाई. म्हणाले, तुमचं शास्त्र शरीरात बघतं, माझं मनात बघतं, आणि दोन्ही मिळून मलाच दुरुस्त करायला निघतात. ज्यानं हा भार माझ्यावर ठेवला त्याला कोण तपासणार? लांडगा गेलेला नाही, भाऊ. तो रोज चहा पाजतो.

तुम्ही पेन खाली ठेवलंत. मग हळू आवाजात सांगितलंत, की मेडिकलच्या पहिल्या वर्षी तुम्हाला मेसमध्ये जेवण जायचं नाही. अंगाला घोंगडीचा वास येतो म्हणून बाकावरची मुलं सरकून बसायची. तोंडी परीक्षेच्या आधी तुम्हाला उलटी व्हायची. दर वेळी. "मला वाटलं पित्त आहे. वर्षभर पित्ताचंच औषध घेतलं मी. शहाणा डॉक्टर." एवढं बोलून तुम्ही हसलात, पण डोळे भरले होते.  तुम्ही तो विषय पुन्हा कधी काढला नाहीत आणि मीही काढला नाही. पण त्या दुपारनंतर आपल्या भांडणात एक फरक पडला. तुम्ही पेशंटला नाडी बघताना विचारायला लागलात, "घरात कोण कोण आहे? काम कुठं? तिथं कसं वागवतात?" कंपाउंडर माझ्याकडं तक्रार करायचा, "मॅडम, तुमच्यामुळं एकेका पेशंटला लई वेळ लागून राहिला." मला चिडवताना मात्र तुम्ही म्हणायचात, "ताईंच्या मतानं आता गोळी गावाला द्यायला पाहिजे. किती मिलिग्रॅमची देऊ?"

मी बरी झाले. गोळीनं, चालण्यानं, बोलण्यानं, की पुढं आम्ही प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या आणि आडनाव विचारणारं कोणी उरलं नाही म्हणून? याचं उत्तर आपल्याला एकमतानं कधीच देता आलं नाही. गृहप्रवेशाला बुद्धवंदना झाली तेव्हा तुम्ही आणि वहिनी मागं हात जोडून बसला होतात. जाताना तुम्ही माझ्या हातात घडी घातलेली घोंगडी दिलीत, तुमच्या काकांनी विणलेली. "वास येतो हं," म्हणालात. माझी मुलगी तिच्यावरच अभ्यास करते. गेल्या आठवड्यात तिनं ती उन्हात टाकली होती.

तुमच्यावर माझा रागही आहे, भाऊ. तो आत्ता लिहिला नाही तर कधी लिहिणार? थोरले भाऊ वारल्यानंतर त्यांच्या घराची सगळी जबाबदारी तुम्ही उचललीत. सकाळी दवाखाना, दुपारी गावाकडं शेत, संध्याकाळी पुन्हा दवाखाना. तुमचा रक्तदाब वाढला हे मला वहिनींकडून कळलं. मी म्हणाले, "तुम्ही सगळ्यांना विचारता, घरात कोण, काम कसं. तुम्हाला कोण विचारतं?" तुम्ही म्हणालात, "मला काही झालं न्हाई. बीपी आहे, गोळी घेतो." बघा, शेवटी स्वतःच्या बाबतीत तुम्ही पुन्हा फळ्यावरच्या मूत्रपिंडांपाशी जाऊन थांबलात. थोरले भाऊ गेल्यावर तुम्ही रडलेलं मी बघितलं नाही. वहिनींनीही बघितलं नाही. मी वाद घालत राहिले आणि तुम्ही दर वेळी चहा मागवून विषय बदलत राहिलात.

मग हृदयविकाराचा तो पहिला झटका आला. नांदेडला नेलं, परत आणलं. तुम्ही अंगणात बाजेवर बसायला लागलात तेव्हा मी भेटायला आले. एक खांदा उतरल्यासारखे दिसत होतात. मी पिशवीत पुस्तकं आणली होती, हृदयविकारानंतरच्या मानसिक अवस्थेवरची. तुम्ही पिशवीकडं बघितलंत आणि काही थट्टा केली नाहीत. तेव्हाच मला कळलं, की काहीतरी वेगळं आहे.

म्हणालात, "ताई, मला भीती वाटून राहिली."

इतक्या वर्षांत तुमच्या तोंडून हा शब्द मी ऐकला नव्हता. माझ्या मनात कितीतरी वाक्यं आली, शिकवलेली, वाचलेली, दुसऱ्यांना सांगितलेली. मी त्यातलं एकही बोलले नाही. फक्त विचारलं, "कशाची?"

तुम्ही बोलायला लागलात. भावाबद्दल बोललात. शेवटच्या दिवशी तो तुम्हाला भेटायला दवाखान्यात आला होता आणि गर्दी बघून न भेटताच परत गेला होता, ते सांगितलंत. त्याच्या पोरांबद्दल बोललात. आईबद्दल बोललात. मध्येच थांबलात, रडलात, पुन्हा बोललात. वहिनी चहा घेऊन दारात आल्या आणि तुम्हाला रडताना बघून तशाच आत वळल्या. मग पुन्हा बाहेर आल्या, चहा खाली ठेवला आणि बाजेच्या दुसऱ्या कडेला बसल्या. आम्ही दोघींनी तुम्हाला एकदाही अडवलं नाही. तुमचा चहा गार झाला.

ऊन उतरलं तेव्हा मी उठले. तुम्ही बाजेवर आडवे झालात, डोळे मिटलेत आणि म्हणालात, "बरं वाटलं."

हे दोन शब्द तुम्ही आयुष्यभर रोज ऐकलेत, भाऊ, टेबलाच्या पलीकडून. तुम्ही स्वतः ते म्हणताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.